कालवा निरीक्षक समुद्रकाठी

कोकणातून परत आल्यापासून अकोल्यात आमच्या जठारपेठेत जो भेटतो तो एकच विचारतो, "मंग, कसा हाय समुद्र?" पहिल्या दोघा-तिघांना मी नीट बसवून सांगितलं. नंतर "मोठा हाय" एवढ्यावर भागवायला लागलो. त्यांचंही तेवढ्यानं समाधान होतं, कारण त्यांना खरा विचारायचा असतो तो पुढचा प्रश्न: मासोळ्या किती खाल्ल्या. पण समुद्रानं माझी जी फजिती केली ती पानटपरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतो आहे.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. मोजणीदार म्हणून लागलो आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. धरणात पाणी किती उरलं, कालव्यात किती सोडायचं, कोणाच्या शेताची पाळी कोणत्या वारी, हे सगळं माझ्या वहीत असे. माझ्या हद्दीत पाणी माझ्या सहीशिवाय हलत नसे. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटलंय की आता कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

प्रवासाला निघण्याचं कारण माझी बायको शोभा. पोळ्याच्या सुमारास तिला ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कुणाला महिन्यात येते, कुणाला वर्षात. आणि पुढे काहीतरी म्हणता म्हणता थांबले.

आता शोभा म्हणजे कोण, हे सांगायला हवं. आमच्या वस्तीत लग्न असो की मयतीनंतरचं पुण्यानुमोदन, भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवायच्या आधी पहिला चमचा शोभाच्या हातात द्यायचे. ती तळहातावर रस्सा घेई, जिभेवर ठेवी आणि "मीठ थोडं पाहिजे" किंवा "तिखट अजून पोचलं नाई" म्हणे. नावाजलेले आचारीही मुकाट्यानं ऐकत. तापानंतर तिनं एकाच वरणात तीनदा मीठ टाकलं, आणि नेमके त्या दिवशी पाहुणे जेवायला होते. पाहुणे भले होते, पाणी पीत पीत जेवले. दुसऱ्या दिवसापासून ती चुलीजवळ गेली नाही.

मग स्वयंपाक माझ्याकडे आला. माझी भाजी कशी होते ते मला माहीत आहे. चाळीस वर्षं माझ्या नुसत्या चहालाही नाव ठेवणारी ही बाई ते ताट पुढे ओढायची, सगळं संपवायची आणि म्हणायची, "चांगलं हाये." करपलेली भेंडी चांगली, कच्चं राहिलेलं वांगं चांगलं. शेवटी शेवटी हे दोन शब्द ऐकले की मी ताट सरकवून उठायचो.

आमची मुलगी प्रज्ञा अमरावतीला कॉलेजात शिकवते. तिनं परस्परच सगळं ठरवून टाकलं. हवा बदलेल, निरनिराळं खायला मिळेल, जिभेला जरा जाग येईल. जानेवारीत दहा दिवस, चिपळूणपासून समुद्राच्या कडेकडेनं खाली देवगडपर्यंत. तिच्या अटी होत्या: दिवसाला दोन तासांच्या वर गाडी नाही, एका ठिकाणी दोन-तीन रात्री तरी मुक्काम, खोलीला कमोड, खाटेला चांगली गादी. मी म्हटलं, "पोरी, दोन तासात तं आपण अमरावती गाठतो. तेवढ्यासाठी कोणी मुक्काम करते का?" ती म्हणाली, बाबा, एवढंच शिकायचं आहे तुम्हाला.

हेदवी

चिपळूण स्टेशनवर मंगेशराव गाडी घेऊन उभे होते. पंचावन्न-छप्पनचे, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. काहीही विचारा, उत्तर "होईल." रस्ता चांगला आहे का? होईल. संध्याकाळपर्यंत पोचू का? होईल. पण माणूस गाडी अशी चालवी की मागच्या सीटवर भरलेला चहाचा कप ठेवला असता तरी थेंब सांडला नसता, आणि तेही त्या रस्त्यावर. आमच्याकडे धामणगाव रेल्वेपासून अकोल्यापर्यंत रस्त्यात लिंबू ठेवलं तर ते तिथंच राहील. इथं रस्ता एक तर चढतो नाही तर उतरतो. घाट म्हटला की आम्हाला सेमाडोहचा ठाऊक. तो एकदा चढलं की संपतो तरी. कोकणात घाट संपला म्हणून सुस्कारा टाकावा तर दुसरा समोर उभा.

आणि मग एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि समुद्र दिसला. मंगेशरावांनी न सांगता गाडी थांबवली. मी मनातल्या मनात दुसरा काठ शोधत होतो. सवयच तशी. चौतीस वर्षांत ज्या पाण्यासमोर उभा राहिलो त्याला पलीकडचा काठ होता आणि त्या काठावर कुणाची तरी कपाशीची पऱ्हाटी होती. इथं नजर जाई आणि रिकामीच परत येई. शोभा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोनाच्या नावावर असन?"

हेदवीला काळ्या खडकात एक अरुंद फट आहे. तिच्यात समुद्राचं पाणी घुसलं की दोन-तीन पुरुष उंच उसळतं, असं प्रज्ञानं सांगितलं होतं. आम्ही काठी टेकत, एकमेकांना धरत तिथवर गेलो. तळाशी थोडं पाणी डुचमळत होतं, आमच्या मोरीत डुचमळतं तेवढंच. तिथं जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं, आता काय दिसणार, भरतीला या. मी शोभाला समजावून सांगितलं की भरती ही पौर्णिमेला आणि अमावास्येला येते. शाळेत शिकलो होतो, पाठ होतं. पौर्णिमेला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. मंगेशराव मागे उभे होते. त्यांनी काही तरी म्हणायला तोंड उघडलं होतं, असं मला आता वाटतं.

हेदवीच्या घरात पहिल्या जेवणाला ओल्या खोबऱ्याची उसळ, लाल जाडा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी. सगळं चवीला छान, पण तिखट म्हणाल तर घरात नुसतं येऊन गेल्यासारखं. मी हळूच पिशवीतून आपला तिखटाचा डबा काढला. घरच्या बाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी डबा परत ठेवला. शोभा शांतपणे जेवली. विचारलं तर म्हणाली, "भात मऊ हाये. कढीचा रंग चांगला हाये."

फेरीबोटीवरून पलीकडे

तवसाळहून जयगडला जायला खाडी ओलांडावी लागते आणि गाडीसकट माणसं फेरीबोटीवर चढतात. गाडीत बसून बोटीत बसायचं, हे मला काही केल्या पटेना. मी खाली उतरून पाणी किती खोल असेल याचा अंदाज करत कठड्याशी उभा राहिलो. माझा अंदाज मी तिथल्या खलाशाला सांगितला. तो हसला, पण खरा आकडा सांगितला नाही.

पलीकडे उतरल्यावर एका जागी मासळी वाळत घातलेली होती. तिचा वास कसा होता ते लिहून सांगता येणार नाही. मुंबईकडची एक मंडळी नाकाला रुमाल लावून गाडीकडे पळाली. मीही मागं सरलो. शोभा मात्र सरळ आत गेली आणि सुकत घातलेल्या मासोळ्यांच्या रांगा बघत उभी राहिली, शेतात मिरची वाळवलेली बघावी तशी. राखण करणाऱ्या कोळीणबाईंना फार कौतुक वाटलं. त्यांनी बसायला पाट दिला आणि विचारलं, तुम्हाला वासाचं काही वाटत नाही? शोभा म्हणाली, "नाई येत बाई मले वास." बाईंना हा मोठेपणा वाटला. अर्धा तास दोघी बोलत बसल्या. कोणती मासोळी किती दिवस वाळवायची, मीठ कसं चोळायचं, पावसाळ्यात कशी ठेवायची. मी लांबून बघत होतो. स्वयंपाकाबद्दल तिनं कुणाला काही विचारलेलं मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो, आणि मला उगाच आशा वाटायला लागली.

आंबोळगड

आंबोळगडला दोन रात्री. इथं किनारा म्हणजे वाळू कमी आणि कातळ जास्त. लाटा येऊन त्या कातळावर अशा आदळतात की जेवताना ताटातलं वरण थरथरतं असं वाटावं. वर सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, सगळा जांभा दगड, चालताना चपलेखाली कुरकुरणारा. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. इथं चपलेला वर्षभर बाहेर राहायची सोय.

सकाळी उठायचं, ओट्यावर बसायचं, घावन खायचं, परत बसायचं. पहिला दिवस मला फार जड गेला. काही काम नाही, वही नाही, कुणाचा फोन नाही. दुसऱ्या दिवशी लाटा मोजायला लागलो, तेव्हा बरं वाटलं.

प्रवासाच्या चौथ्या रात्री जेवण झालं. घरवाल्यांनी खास सुरमई केली होती, तिची तारीफ मी तोंड भरून केली. शोभा हात धुऊन आली आणि शेजारी बसली. आवाज न चढवता म्हणाली, "घरी जाऊ न आपन. या लोकाईचं एवढं चांगलं जेवन मायावर वाया जाऊन राहिलं. मले इथलं अन् घरचं सारखंच हाये."

  मी म्हटलं, अजून एक मुक्काम आहे, तेवढा करू. ती बरं म्हणाली. माझं ताट संपवून ती "चांगलं हाये" म्हणते तसंच म्हणाली.

देवगडच्या अलीकडे

विजयदुर्गावरून पुढे गेल्यावर देवगडच्या थोडं अलीकडे सुलभाताईंचं घर आहे. समोर खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, खळ्याच्या पलीकडे पाच-सहा दगडी पायऱ्या, खाली छोटीशी वाळूची चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळे खडक. सुलभाताई साठीच्या, नवरा बोटीवरचं काम सोडून आता आंब्याच्या कलमांचं बघतो. आम्ही गेलो तेव्हा तो कलमांना मोहर आलाय म्हणून दिवसभर बागेतच असे.

पहिल्याच संध्याकाळी शोभानं त्यांना चवीचं सांगितलं. सुलभाताईंना मनापासून वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, कुणकेश्वराला नारळ बोला, सगळं बरं होईल. शोभा हसून म्हणाली, आमच्याकडे नवस करत नाहीत. हे खरं आहे. लोक नवसाचे रोडगे करतात. आमच्या घरात छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून नवस बंद झाले, रोडगे तेवढे चालू राहिले.

ते वाक्य मनात आलं आणि मी ताडकन उठून बसलो. रोडगे! गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांचं जगरं पेटवून त्याच्या निखाऱ्यात, राखेत पुरून भाजायचे. वरून राख झटकायची, फोडायचे, आत वाफ धुमसत असते, त्यात तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हिवाळ्यात शेतात पुरुष मंडळी करतात आणि बायका बसून नावं ठेवतात. मला वाटलं, जीभ जागी व्हायची असेल तर ती याच्यानंच होईल. आणि नाही झाली, तर मग मी तिला घेऊन मुकाट्यानं घरी जाईन.

तुरीची डाळ आम्ही घरून आणलीच होती. वऱ्हाडचा माणूस चंद्रावर गेला तरी पिशवीत तुरीची डाळ असेल. गोवऱ्यांना इथं शेणी म्हणतात, त्या सुलभाताईंच्या गोठ्यामागं निघाल्या. गव्हाचं जाडसर पीठ मंगेशरावांनी देवगडहून आणलं. वांगी मिळाली ती लांबोडकी आणि हिरवट, पण परदेशात फार खळखळ करू नये.

आता जागा. खळ्यात वारा इतका की निखारा टिकेना. मी खाली वाळूवर गेलो. एक मोठा काळा खडक होता, त्याच्या आडोशाला वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती. सकाळचे नऊ वाजले होते. पाणी खडकाच्या जवळच होतं, पण मला कशाचीही घाई नव्हती. मी रीतसर कामाला लागलो. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. अर्ध्या तासानं पाणी काठीपासून चार पावलं मागे. दुसरी काठी. परत मागे. बारापर्यंत माझ्या पाच काठ्या झाल्या आणि पाणी चांगलं साठ-सत्तर पावलं उतरलं होतं. मी वहीत हिशोब मांडला: उतार चालू, आवक नाही, संध्याकाळपर्यंत पाणी आणखी तेवढंच जाईल. तिथीही पाहून ठेवली होती. अष्टमी. म्हणजे भरतीचा प्रश्न नव्हता.

सुलभाताई वरून बघत होत्या. त्यांनी सांगितलं, "काका, थंय नको. पाणी हयसर येतलां." मी त्यांना हात हलवून निश्चिंत केलं. ज्यानं चौतीस वर्षं पाणी सोडलं आणि अडवलं, त्याला पाण्याचं काय सांगायचं? आमच्याकडे धरणाचं पाणी एकदा उतरायला लागलं की पुढच्या पावसापर्यंत उतरतच राहतं. उतरलेलं पाणी दुपारच्या जेवणाआधी परत येतं हे मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

जगरं झकास लागलं. एकच्या सुमारास निखारे तयार झाले. मी वीस रोडगे लावले, राखेनं झाकले आणि वांग्याची भाजी बघायला वर गेलो. शोभाला वरच्या कोरड्या वाळूत खुर्ची टाकून दिली होती. "लक्ष ठेव," म्हटलं. ती बरं म्हणाली.

भाजीत मी गुंतलो. मंगेशराव वरणाला पळी फिरवत होते. अडीच वाजले असतील. खालून शोभाचा आवाज आला, अगदी शांत, शेजारच्या खोलीत हाक मारावी तसा.

"अवो, तुमचं पाणी सुटलं."

मी धावत पायऱ्यांवर आलो. जगऱ्यापाशी पाणी समोरून आलंच नव्हतं. ते खडकाच्या मागच्या घळीतून, चोरवाटेनं आलं होतं आणि जगऱ्याच्या एका कडेला लागलं होतं. चर्र आवाज होऊन पांढरी वाफ उठत होती. माझ्या पाच काठ्यांपैकी एकही दिसत नव्हती. आणि शोभा, गुडघ्यांचं दुखणं असलेली, चार-पाच महिने कशातच मन न घालणारी शोभा, लुगडं खोचून पोटऱ्यांइतक्या पाण्यात उभी होती आणि काठीनं निखाऱ्यातले रोडगे बाहेर ओढून पदरात टाकत होती. "या न लवकर," ती म्हणाली, "कावून उभे हा तिथंच?"

मंगेशराव माझ्याआधी पोचले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजवून त्यांनी टोपल्यात रोडगे गोळा केले. सुलभाताई आल्या, हसू आवरत फावड्यानं राख ओढायला लागल्या. मी मध्ये जाऊन दोन रोडगे उचलले, हात भाजला, दोन्ही पाण्यात पडले. वीसपैकी सतरा वाचले. तिघं समुद्राला गेले. सतरापैकी काही पार भिजले होते, काही कोरडे होते.

वर आल्यावर मंगेशराव ओल्या पॅन्टनं पायरीवर बसले आणि सबंध प्रवासातलं त्यांचं सर्वात लांब वाक्य बोलले: भरती रोज येते, दिवसातून दोनदा, अष्टमीलाही येते, फक्त थोडी कमी येते. मी विचारलं, मग हेदवीला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तुम्ही बाईंना समजावून सांगत होतात, मध्ये कशाला बोलावं.

मग आम्ही खळ्यात गोल बसलो. चारी जण हसून हसून दमलो होतो. सुलभाताई पुन्हा पुन्हा काठ्या मोजल्याची नक्कल करत होत्या. मी रोडगे फोडून तूप घातलं, वरण ओतलं, शोभाला पहिलं ताट दिलं. ते वरचेच होते, म्हणजे भिजलेले. पण ताटाकडे बघायची हिंमत मला होत नव्हती. मी सुलभाताईंना वाढत राहिलो.

"खारट हाये," शोभा म्हणाली.

हसणं थांबलं. मी वळून पाहिलं. ती चावत होती, कपाळाला आठी होती. माझ्यातला निरीक्षक अशा वेळीही गप्प बसत नाही. मला वाटलं, तिनं डोळ्यांनी पाहिलंय समुद्राचं पाणी लागताना, म्हणून म्हणत असेल. मन असं करतं. मी टोपल्यात खाली हात घातला, अगदी मधला, कोरडा, पाण्याचा थेंब न लागलेला रोडगा काढला. फोडला. तूप नाही, वरण नाही, नुसता तिच्या हातात दिला.

"याचं सांग."

तिनं तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. समुद्राचा आवाज येत होता आणि सुलभाताईंनी हातातला घास तसाच धरला होता.

"यात तं मीठच नाई टाकलं तुमी," शोभा म्हणाली.

मी सकाळचं पीठ मळणं आठवलं. ओवा टाकला होता, मोहन टाकलं होतं. मग पाण्याची दुसरी काठी रोवायला पळालो होतो. मीठ टाकलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. सुलभाताईंनी एक कोरडा तुकडा खाल्ला आणि खाली मान घालून म्हणाल्या, मघाशीच लक्षात आलं होतं, पण पाहुण्यांना कसं सांगायचं.

शोभाला पाहुणे वगैरे काही नव्हतं. तिनं वांग्याची भाजी ओढली. बोट बुडवून चाटलं. वास येत नाही म्हणाली, अजून काहीच वास येत नाही, पण वांगं तळाशी लागलंय, कडू झालंय, आणि तेल तापायच्या आधीच तिखट टाकलं असणार. वरणाला चिंच जास्त. कोणी टाकली एवढी चिंच? मंगेशराव दुसरीकडे बघू लागले. ती एकेक सांगत होती आणि मी समोर मांडी घालून ऐकत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

"रडाले काय झालं तुमाले?" ती म्हणाली. "एवढं काई बिघडलं नाई. उद्या मले करू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. मी मंगेशरावांना म्हटलं, उद्या गाडी काढू नका. ते म्हणाले, "होईल."